मदत हवी आहे: आळेफाट्यावरून फोन करताना महामार्गाचा कुठला क्रमांक आणि कुठला किलोमीटर सांगायचा?

नमस्कार मंडळी,

आळेफाटा, ओतूर, बेल्हे, नारायणगाव या पट्ट्यात आम्ही काही जण रस्त्यावरच्या अपघातांत मदतीला जातो. नोंदणीकृत संस्था वगैरे नाही. गॅरेजवाले आहेत, ढाबेवाले आहेत, पहाटे दूध घेऊन निघणारे आहेत, शिक्षक आहेत. जखमींना बाजूला घेणं, रुग्णवाहिका बोलावणं, मागून येणाऱ्या गाड्यांना हात करून थांबवणं, घरच्यांना फोन लावणं, एवढंच काम. आता पंपांवर, ढाब्यांवर, टपऱ्यांवर चिकटवायला एक छोटं कार्ड छापतोय: अपघात दिसला तर फोनवर ठिकाण कसं सांगावं. बाकी मजकूर तयार आहे. महामार्गाचा क्रमांक आणि किलोमीटर इथे अडलोय, म्हणून हा धागा.

आमच्याकडे पुणे–नाशिक रस्त्याला अजून 'पन्नास नंबर' म्हणतात आणि कल्याण–नगर रस्त्याला 'दोनशे बावीस'. २०१० साली केंद्र सरकारने देशातल्या राष्ट्रीय महामार्गांना नव्याने क्रमांक दिले. त्यात पन्नासचा ६० झाला, दोनशे बावीसचा ६१. मोठ्या फलकांवर ६० आणि ६१ दिसतात. पण दुकानांच्या पाट्या, बिलांवरचे पत्ते, कडेला गवतात उभे असलेले जुने दगड आणि मुख्य म्हणजे माणसांच्या तोंडातले आकडे जुनेच आहेत.

जुना क्रमांक नुसता बाद झाला असता तर एवढं बिघडलं नसतं. तो दुसऱ्या रस्त्याला दिला गेलाय. आजचा ५० हा नांदेडहून बिदर, कलबुर्गी, विजयपूर, होसपेट करत चित्रदुर्गला जातो. मागे एकदा आमच्यातल्या एकाने घाईत फोनवर सांगितलं, "पन्नास नंबर हायवे, खेडच्या पुढे." पलीकडची व्यक्ती मनापासून मदत करत होती, पण तिच्यासमोर ५० होता नांदेडकडे आणि खेड होतं रत्नागिरी जिल्ह्यात. खेड दोन, आणि दोन्ही राष्ट्रीय महामार्गावर! आपलं राजगुरुनगर हे कळेपर्यंत बराच वेळ गेला. माणूस वाचला, पण तो वेळ त्याच्या वाट्याचा होता आणि तो वाया जायला नको होता. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

मी शोधलं तेवढं इथे मांडतो, चूक असेल तर सांगा. नव्या पद्धतीत सम क्रमांक उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. विषम क्रमांक पूर्व-पश्चिम रस्त्यांना, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. आळेफाट्याच्या चौकात उभं राहिलं की दोन्ही नियम समोर दिसतात: ६० नाशिक-पुणे असा उभा, ६१ माळशेजकडून नगरकडे असा आडवा. महाराष्ट्रातले आडवे रस्ते वरून खाली घेतले तर सुरत–धुळे–नागपूर ५३, मग आमचा ६१, मग पुणे–सोलापूर–हैदराबाद ६५. उभे घेतले तर नागपूरवरून जाणारा ४४, सोलापूर–धुळे ५२, मग ६०, आणि कोकणातला ६६. छान बसतं. पण ४८ बसत नाही. पुणे–सातारा–कोल्हापूर रस्ता ५२च्या पश्चिमेला जातो, मग त्याचा क्रमांक ५२पेक्षा लहान कसा? नियम मला नीट समजला नसेल तर कार्डावर तो लिहायचा धीर होत नाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. चौपदरीकरणाच्या कागदपत्रांत खेड ते सिन्नर हा भाग 'रा.म. ५०, किमी ४२ ते किमी १७७' असा दिलाय. म्हणजे मोजणी पुण्याकडून. पण नवा ६० धुळ्याहून निघून मालेगाव, नाशिकवरून पुण्याला येतो. मग क्रमांक बदलल्यावर किलोमीटरही धुळ्यापासून मोजायचे का? आळेफाट्याचा किलोमीटर कार्डावर छापला तर तो कुठला धरायचा?

आणि तिसरं: जुना क्रमांक कार्डावर ठेवावा की काढून टाकावा? आमच्यात दोन तट पडलेत. शिक्षक मंडळी म्हणतात, नवाच शिकवा. ड्रायव्हर मंडळी म्हणतात, जुना काढलात तर कार्ड कुणी वाचणार नाही.

रस्त्यांच्या कामाशी, नकाशांशी किंवा मदतकेंद्रांशी संबंध असलेल्यांनी कृपया वेळ काढून लिहा. छपाईला देण्यापूर्वी नक्की करायचंय.

— फाट्यावरचा

नकाशावेडा:

तुमचं वाचन बरोबर आहे, ४८चं कोडंही सुटतं. त्यासाठी नकाशा महाराष्ट्राच्या सीमेवर कापू नका, सबंध देशाचा घ्या. नवा ४८ म्हणजे जुना ८ (दिल्ली–मुंबई) आणि जुना ४ (मुंबई–चेन्नई) जोडून केलेला एकच लांब रस्ता, सुमारे २,८०० किमीचा. ५२ निघतो पंजाबातल्या संगरूरहून आणि संपतो कर्नाटकच्या किनाऱ्यावर अंकोल्याला. हे दोन रस्ते एकमेकांना दोनदा छेदतात. जयपूरच्या उत्तरेला ५२ पश्चिमेकडे आहे, म्हणजे नियमाप्रमाणेच. जयपूरला ते ओलांडतात: ४८ अजमेर, उदयपूर, अहमदाबाद करत पश्चिमेला सरकतो आणि ५२ कोटा, इंदूर, धुळे असा मधून उतरतो. पुढे हुबळीला पुन्हा ओलांडतात. तिथून ५२ किनाऱ्याकडे जातो आणि ४८ बंगळूरवरून थेट पूर्व किनाऱ्यावर चेन्नईला. सुरुवातीला आणि शेवटी क्रम अगदी बरोबर आहे, मधल्या भागात उलटा. आपण नेमके त्या मधल्या भागात राहतो!

इतक्या लांबच्या रस्त्यांना एकच क्रमांक द्यायचा म्हटल्यावर असं कुठेतरी होणारच. पण नियम चांगला आहे, असं मी ठामपणे म्हणेन. २०१०पूर्वीच्या क्रमांकांवरून रस्ता देशाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे याचा काही पत्ता लागत नसे. २११ म्हणजे सोलापूर–धुळे, २२२ म्हणजे कल्याण–निर्मल, आणि त्याला लागूनचा २२३ थेट अंदमानात. मधल्या फाट्यांना ४अ, ४ब, १७अ अशी अक्षरं.

आता तीन आकडी क्रमांक पाहिला की शेवटचे दोन आकडे मुख्य रस्ता सांगतात. तुमच्याच भागातलं उदाहरण: सिन्नरहून शिर्डीकडे जाणारा १६०, म्हणजे ६०ची शाखा. रत्नागिरी–कोल्हापूर १६६, म्हणजे ६६ची. तुळजापूर–लातूर–नांदेड–यवतमाळ–वर्धा असा नागपूरकडे जाणारा ३६१ ही तुमच्या ६१ची शाखा, एवढ्या लांब असूनही. शाखेचीही उपशाखा असेल तर पुढे अक्षर. ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग ९६५ आणि तुकाराम महाराज पालखी मार्ग ९६५जी, दोन्ही ६५च्या वंशातले. हे एकदा कळलं की कुठल्याही अनोळखी फाट्यावर फलक पाहून आपण साधारण कुठे आहोत ते ठरवता येतं.

लाल माती:

जुना क्रमांक अजिबात काढू नका. आमच्या कोकणात मुंबई–गोवा रस्ता ६६ होऊन इतकी वर्षं झाली, तरी म्हातारी माणसं 'सतरा नंबर' म्हणतात आणि गोव्यात बेळगावचा रस्ता अजून 'फोर ए' आहे. तो कागदावर ७४८ आहे हे विचारलं तर निम्म्यांना माहीत नसेल. नवा १७ उत्तर बंगालमधून आसामात गुवाहाटीकडे जातो. तिथल्या माणसाला चिपळूणचा अपघात कळवून काय उपयोग?

आणि खेडबद्दल तुम्ही लिहिलंत ते आम्ही इकडच्या बाजूने अनुभवतो. कार्डावर 'खेड (राजगुरुनगर), जिल्हा पुणे' असं पूर्ण लिहा. जिल्ह्याचं नाव फोनवर पहिल्या वाक्यात यायला हवं. नगरचंही तेच, आता काही फलकांवर अहिल्यानगर आहे, जुन्या पाट्यांवर अहमदनगर. बाहेरगावच्या ड्रायव्हरला ही दोन वेगळी गावं वाटतात. मी स्वतः एका आंध्रच्या ट्रकवाल्याला समजावून सांगितलंय.

घाईतला_माणूस:

एवढं कशाला? मोबाइलवरून लोकेशन पाठवायचं, झालं.

फाट्यावरचा (धागाकर्ता):

@घाईतला_माणूस, पाठवता येतं तिथे आम्ही तेच करतो. पण माळशेजात कितीतरी वळणांवर रेंज नसते. कुणीतरी खाली पहिल्या टपरीपर्यंत येऊन फोन करतो, तेव्हा लोकेशन टपरीचं जातं. १०८ला किंवा ११२ला आपण बोलून कळवतो. आणि ट्रकच्या क्लीनरकडे साधा फोन असतो. कार्ड त्यांच्यासाठी आहे.

@नकाशावेडा, जयपूर आणि हुबळीचं वाचून नकाशा उघडून बसलो. मनापासून आभार. हा प्रश्न मला कुणीच सोडवून दिला नव्हता.

चांदणपुरी:

मी रस्त्याच्या मोजणीच्या कामात बरीच वर्षं होतो, म्हणून किलोमीटरचं लिहितो. हा भाग नीट समजून घ्या, क्रमांकापेक्षा यातच जास्त घोळ होतात.

क्रमांक बदलतो तो राजपत्रातल्या अधिसूचनेने. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ प्रमाणे केंद्र सरकार तो जाहीर करतं, एका दिवसात. दगड मात्र जमिनीत गाडलेले असतात. रस्त्याच्या कामाच्या निविदा, पुलांची नोंद, दुरुस्तीची बिलं, अपघातांची आकडेवारी, सगळं जुन्या किलोमीटरांवर बांधलेलं असतं. म्हणून क्रमांक बदलला तरी किलोमीटरची मोजणी बरीच वर्षं तशीच चालू राहते. कागदांवर 'रा.म. ६० (जुना ५०)' असं लिहून किलोमीटर जुनेच देतात.

तुमच्या रस्त्यावर याचा परिणाम गमतीदार आहे, पण फोनवर बोलणाऱ्याला धोक्याचा. नवा ६० दोन जुन्या रस्त्यांचे तुकडे जोडून झालाय. धुळे ते नाशिक हा जुना ३, आग्रा रोड. तिथे मोजणी मुंबईच्या दिशेने वाढते: पिंपळगाव ते गोंदे हा भाग कागदोपत्री किमी ३८० ते ४४० होता. नाशिक ते पुणे हा जुना ५०, तिथे मोजणी पुण्याकडून वाढते. म्हणजे धुळ्याहून पुण्याला एकाच क्रमांकाच्या रस्त्याने जाताना जुन्या दगडांवरचे आकडे नाशिकपर्यंत चढतात आणि पुढे पुण्यापर्यंत उतरत येतात. 'साठ नंबर, किलोमीटर अमुक' एवढंच सांगितलं तर ऐकणाऱ्याला कुठला तुकडा धरायचा हे कळणार नाही. गावाचं नाव लागणारच.

त्यात चौपदरीकरण. मंचर, नारायणगाव अशा गावांना बाह्यवळणं झाली, वळणं सरळ झाली, रस्त्याची लांबी बदलली. कंत्राटाच्या कागदांत त्यामुळे दोन किलोमीटर असतात, एक जुना आणि एक नव्या आखणीचा. गावातून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर जुना दगड उभा असतो आणि बाह्यवळणावर नवा, दोन्हींवर आकडा जवळजवळ सारखा, जागा मात्र वेगळी. नारायणगावात 'हायवेला अपघात' म्हटलं की विचारायलाच हवं, गावातला की बाहेरचा.

म्हणून माझा आग्रह: आळेफाट्याचा किलोमीटर कार्डावर छापू नका. तुम्ही छापाल तो आकडा आणि माणसासमोर उभा असलेला दगड जुळला नाही तर तो गोंधळेल आणि नेमक्या वेळी कार्डावरचा विश्वास जाईल. त्याऐवजी दगड वाचायला शिकवा. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य मार्गाचा, नारिंगी ग्रामसडकेचा. दर पाचव्या किलोमीटरचा दगड मोठा असतो. मधे दर २०० मीटरवर छोटे दगड असतात, त्यांवर २, ४, ६, ८ असे आकडे. छोटा दगड दिसला तर किलोमीटरच्या दगडापासून किती पुढे आलो ते सांगता येतं. दगडावरच्या गावाचं नाव आणि अंतर जसंच्या तसं वाचून दाखवायचं. 'मंचर अमुक किलोमीटर' हे वाक्य कुठल्याही मोजणीत खोटं ठरत नाही.

ओवी:

मी काही काळ फोन घेणाऱ्यांच्या बाजूला काम केलंय, म्हणून तिकडचं सांगते. धाग्यात क्रमांकावर खूप जोर आहे, पण फोन घेणाऱ्याला तो सगळ्यात आधी नको असतो. आधी जिल्हा. मग रस्त्याच्या दोन टोकांची मोठी गावं: पुणे–नाशिक, कल्याण–नगर. मग कुठल्या दोन गावांच्या मधे. मग तोंड कुठे: नाशिककडे जाणारी बाजू की पुण्याकडे जाणारी. मधे दुभाजक असलेल्या रस्त्यावर ही बाजू चुकली तर रुग्णवाहिकेला पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन वळून यावं लागतं, आणि लोक हीच गोष्ट सांगायला विसरतात. त्यानंतर डोळ्यांसमोरची खूण आणि दगड. क्रमांक शेवटी, खात्रीसाठी. सांगताना 'जुना' हा शब्द तोंडाने उच्चारायला लावा. नुसतं 'पन्नास' नको. 'जुना पन्नास' म्हटलं की ऐकणारी व्यक्ती सावध होते.

अजून एक. राष्ट्रीय महामार्ग म्हणजे प्रत्येक ठिकाणी महामार्ग प्राधिकरणच असं नसतं. काही भाग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे असतात. क्रमांकावरून ते कळत नाही. जखमी माणूस असेल तर १०८ किंवा ११२. प्राधिकरणाच्या रस्त्यावर १०३३ चालतो, गाडी उचलायला आणि गस्तीच्या वाहनासाठी त्याचा उपयोग होतो. तिन्ही क्रमांक कार्डावर ठळक घ्या.

नकाशावेडा:

ओवीताईंच्या म्हणण्याला जोड. प्राधिकरणाने २०२५मध्ये महामार्गांवर क्यूआर कोडचे माहितीफलक लावायचं जाहीर केलंय. त्यावर रस्त्याचा क्रमांक, साखळी म्हणजे किलोमीटर, गस्त आणि मदतीचे फोन असं सगळं असणार. पण ते स्मार्टफोनवाल्यांसाठी. तुमच्या क्लीनरला कार्डच लागेल.

जुना क्रमांक ठेवावा या मताचा मीही आहे, फक्त तो नव्याच्या मागे आणि कंसात. पुढची पिढी आधी नवा वाचेल.

फाट्यावरचा (धागाकर्ता):

सगळ्यांचे खूप आभार. चांदणपुरीकाका, तुमचा प्रतिसाद छापून गॅरेजमध्ये लावलाय. किलोमीटर छापायचा नाही, दगड वाचायला शिकवायचा, हे सगळ्यांना पटलं. दोन तटांचं भांडणही मिटलं.

मजकुराचा मसुदा असा केलाय:

"फोन: १०८, ११२. महामार्ग मदत १०३३. आधी जिल्हा सांगा. मग रस्ता: पुणे–नाशिक की कल्याण–नगर. मग कुठल्या दोन गावांच्या मधे. मग गाडीचं तोंड कुठे होतं. गावातला रस्ता की बाह्यवळण. जवळच्या पिवळ्या दगडावरचं गाव आणि अंतर वाचून दाखवा. शेवटी क्रमांक: पुणे–नाशिक ६० (जुना ५०), कल्याण–नगर ६१ (जुना २२२). खेड म्हणजे राजगुरुनगर, जिल्हा पुणे. फोन ठेवण्याआधी सांगितलेलं परत म्हणून घ्या."

शेवटची ओळ आमच्या एका ढाबेवाल्याने सुचवली, ती मला फार आवडली.

आता राहिलेली मदत. आमचा पट्टा तीन जिल्ह्यांच्या हद्दीवर आहे: बोट्याच्या अलीकडे पुणे, पलीकडे अहिल्यानगर, माळशेज उतरलं की ठाणे. घाटात अपघात झाला तर माणूस जिल्हाच चुकीचा सांगतो आणि ओवीताई म्हणतात तसं पहिलंच वाक्य फसतं. हद्दीच्या नेमक्या खुणा कार्डाच्या मागे द्यायच्या आहेत. ६० वरच्या आम्ही पाहून घेऊ. ६१ वर माळशेजच्या माथ्यापासून टोकावड्यापर्यंत आणि आणे घाटापासून टाकळी ढोकेश्वरपर्यंत कुणाचं येणं-जाणं असेल तर हद्दीच्या फलकाचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या पहिल्या दगडाचा फोटो टाकाल का? दगडावरचं गावाचं नाव वाचता येईल इतक्या जवळून हवा. गाडी घाटात थांबवू नका, दोन्हीकडे थोडं पुढे रुंद जागा आहे, तिथे लावून चालत या.